कुठल्या हेडखाली टाकू? (कॅनडातल्या मूलनिवासींच्या आरोग्याचे प्रकल्प सांभाळताना)

प्रेअरीतली_सांगलीकर

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचत आलेय, धागा पहिलाच आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी विनिपेगला असते. आधी पंधरा वर्षं आयटीत काढली आणि गेली चार वर्षं डॉक्टरांच्या एका मोठ्या संस्थेत प्रकल्प सांभाळते. संस्थेचं नाव घेत नाही, कारण पुढे तिची धुणी धुवायची आहेत. मूलनिवासी आणि बाकीचे कॅनेडियन यांच्या आरोग्यात जी दरी आहे ती कमी करायला संस्थेने हाती घेतलेली कामं माझ्याकडे असतात. डॉक्टरांचं प्रशिक्षण, जुन्या नियमांची फेरतपासणी, तक्रारींची नवी व्यवस्था, उत्तरेकडच्या वस्त्यांशी करार. मी डॉक्टर नाही आणि मूलनिवासीही नाही. तारखा, पैसे आणि माणसं यांचा मेळ घालणं एवढंच येतं.

धाग्याचं निमित्त अगदी क्षुल्लक आहे. गेल्या महिन्यात मी चाळीस डॉलरची तंबाखू आणली आणि पावती लेखा विभागात दिली. ती शेरा मारून परत आली: 'संस्थेचे धूम्रपानविरोधी धोरण. खर्च नामंजूर.'

इथल्या क्री आणि अनिशिनाबे लोकांत एल्डरकडे काही मागायला जायचं तर रिकाम्या हाताने जात नाहीत. (नुसतं वय झालं म्हणून कुणी एल्डर होत नाही, समाजाने मानावं लागतं.) कापडात बांधलेली तंबाखूची पुडी पुढे ठेवायची, काय हवंय ते सांगायचं आणि गप्प बसायचं. त्यांनी पुडी उचलली की काम पत्करलं. आपल्याकडचा विडाच हा. तंबाखू मळायचाही प्रश्न नाही आणि ओढायचाही नाही.

मग मी तीच पावती 'बैठकीचे साहित्य' म्हणून दिली. परत. 'भेटवस्तू' म्हणून दिली, तर भेटवस्तूंच्या नियमात तंबाखू आणि दारू स्पष्ट वगळलेली. शेवटी लेखा विभागातल्या मुलीने काकुळतीला येऊन विचारलं, "अगं, पण मी हे कुठल्या हेडखाली टाकू?" (हेड म्हणजे हिशेबातलं खर्चाचं खातं.)

मला हसू आलं आणि लगेच जॉर्डन आठवला. जॉर्डन रिव्हर अँडरसन, नॉर्वे हाउस क्री नेशनचा मुलगा. जन्मतःच गुंतागुंतीचं दुखणं, त्यामुळे विनिपेगच्या रुग्णालयात होता. दोन वर्षांचा झाल्यावर डॉक्टर म्हणाले, आता याला घरी ठेवता येईल, फक्त घरी सोयी लागतील. त्या सोयींचे पैसे कुणी द्यायचे यावरून केंद्र सरकार आणि प्रांत सरकार यांची जुंपली. मूलनिवासी मूल म्हणजे केंद्राचा विषय, आणि आरोग्य प्रांताचा. दोन वर्षांहून जास्त काळ कागद इकडून तिकडे फिरले. २००५ मध्ये पाच वर्षांचा होऊन तो रुग्णालयातच गेला. घर त्याने पाहिलंच नाही. २००७ मध्ये संसदेने 'जॉर्डनचं तत्त्व' मान्य केलं: आधी मुलाला सेवा द्या, बिलाचं भांडण नंतर. ते पाळलं जात नाही म्हणून २०१६ मध्ये मानवाधिकार न्यायाधिकरणाला सरकारचे कान उपटावे लागले.

माझे चाळीस डॉलर आणि जॉर्डनचा जीव एका तागडीत घालत नाहीये. पण दोन्हीकडे प्रश्न तोच विचारला गेला.

अशा कामात असलेलं कुणी आहे का इथे? पैशाचे नियम आणि तारखा तुम्ही कशा सांभाळता?

कोपऱ्यातला_बाक

रुमाल टाकतोय. ताई, छान लिहिलंयत. एक बाळबोध शंका: मूलनिवासी म्हणायचं की आदिवासी? पूर्वी आम्ही 'रेड इंडियन' शिकलो होतो, ते आता चालत नाही एवढं कळतं.

आडगावचा_शहाणा

मी टोरंटोजवळ राहतो, त्यामुळे थोडं कडू बोलतो. कॅनडात उपचार सगळ्यांना फुकट आहेत. कार्ड दाखवा, रांगेत बसा. मी स्वतः मोडलेल्या मनगटासह नऊ तास बसलोय. तिथे मला कुणी विडा ठेवला नाही. वेगळे प्रकल्प, वेगळी प्रशिक्षणं ही नोकऱ्या काढायची कामं वाटतात. एकच रांग, एकच नियम, यात अन्याय कुठे आला? ताई, वैयक्तिक घेऊ नका.

थंडीतली_सिस्टर

शहाणे साहेब, रांगेचंच बोलूया. सप्टेंबर २००८, विनिपेगचं एक मोठं रुग्णालय. ब्रायन सिंक्लेअर, मूलनिवासी, वय ४५, दोन्ही पाय नसलेला, चाकाच्या खुर्चीत. मूत्रमार्गाची नळी तुंबली म्हणून दवाखान्याने चिठ्ठी देऊन पाठवलेला. त्याच रांगेत ३४ तास बसला आणि बसल्या जागी मेला. प्रतिजैविक आणि नळी बदलणं, एवढ्यावर काम झालं असतं. इतर रुग्णांनी उठून सांगितलं की या माणसाकडे बघा. चौकशीत पुढे आलं की काही कर्मचाऱ्यांना वाटलं, दारू उतरायची वाट बघत बसला असेल. तुमच्या मनगटाकडे बघून तसं कुणाला वाटलं नाही ना?

रांग एकच होती हो. फक्त त्याचं नाव त्या रांगेत कुणी लिहिलंच नाही.

आणि 'सगळ्यांना फुकट' म्हणताना आधी दवाखाना असावा लागतो. मी तीन वर्षं उत्तरेतल्या नर्सिंग स्टेशनवर काढली. गावात फक्त विमानाने जाता येतं, हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवरून थोडे आठवडे रस्ता असतो. डॉक्टर अधूनमधून येतो, एरवी आम्ही परिचारिका आणि फोन. गरोदर बाईला बाळंतपणाच्या काही आठवडे आधीच दक्षिणेला शहरात पाठवतात. घरी दोन लहान पोरं सोडून ती अनोळखी शहरात वसतिगृहावर एकटी दिवस मोजत बसते. सोबत एक माणूस न्यायचा खर्च सरकार २०१७ पर्यंत सरसकट देत नव्हतं. आपल्याकडे पहिलटकरणीला कुणी एकटं सोडतं का? सातव्या महिन्यात माहेरी नेतात. इथे उलटं, माहेरातूनच उचलून परमुलखात.

क्वेबेकमध्ये तर आजारी लेकराला विमानाने नेताना आईबापाला बसू द्यायचे नाहीत. इनुइट (अगदी उत्तरेकडचे मूलनिवासी) पोरं, फ्रेंच-इंग्रजी न कळणारी, एकटी आकाशात. बालरोगतज्ज्ञांनी आवाज उठवला तेव्हा २०१८ मध्ये तो नियम बदलला. तोही सगळ्यांना एकच नियम होता बरं का. फक्त मॉन्ट्रियलच्या मुलाला विमान लागत नाही.

माफ करा, लांबलं. रात्रपाळीनंतर लिहितेय.

कोपऱ्यातला_बाक

सिस्टर, दंडवत.

प्रेअरीतली_सांगलीकर

सिस्टर, तुम्ही माझं काम हलकं केलंत.

@बाक, शब्दाचं: इथे तीन मोठे समूह आहेत. फर्स्ट नेशन्स, इनुइट आणि मेटी. २०२१ च्या जनगणनेत मिळून अठरा लाख, म्हणजे लोकसंख्येच्या ५ टक्के. फर्स्ट नेशन्स एकट्याच सहाशेच्या वर आहेत. त्यांना एका पिशवीत कोंबणं म्हणजे कोकणी, गोंड आणि पंजाबी एकच समजण्यासारखं. मी मराठीत 'मूलनिवासी' लिहिते, कारण 'आदिवासी' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आपलं जंगल येतं. शक्य असेल तिथे ज्या त्या लोकांचं नाव घ्यावं हे उत्तम.

आणि 'इंडियन'ची गंमत ऐका. १८७६ चा 'इंडियन अ‍ॅक्ट' अजून लागू आहे, त्यामुळे कायद्याच्या पुस्तकात ते आजही 'इंडियन'. पहिल्या भेटीत एका क्री आजींनी (त्यांच्याकडे आजीला 'कोकुम' म्हणतात) विचारलं, तू कुठली? मी सवयीने म्हणाले, इंडियन. त्या दोन मिनिटं हसत होत्या. म्हणाल्या, "अखेर खरी सापडली. आता आमचं नाव आम्हाला सोडवून दे." त्यांना तंबाखू द्यायची होती ती मी गाडीतच विसरले होते. तरी काम पत्करलं त्यांनी. हसवल्याबद्दल असेल.

हिशेबनीस_काका

मी निवृत्त लेखापरीक्षक, मुक्काम पुणे ३०. बत्तीस वर्षं लोकांच्या व्हाउचरांवर लाल शाई ओतली. त्यामुळे त्या पोरीची बाजू घेतो.

सांगलीकर बाई, ती 'कुठल्या हेडखाली टाकू' विचारते आहे म्हणजे तिला मंजूर करायचंय. नामंजूर करणारा हेड विचारत नाही. तुम्ही पावती घेऊन भांडता तिथे चुकता. पावतीवर भांडून एकदा चाळीस डॉलर सुटतील, पुढच्या महिन्यात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. नियमावर भांडा. आपल्या मराठीत यासाठी चांगला शब्द आहे, मानधन. मोल नव्हे, मानाचं धन. 'मानधन व पारंपरिक भेट' असं स्वतंत्र हेड उघडून घ्या. दर आधी ठरवा. रक्कम इम्प्रेस्टमध्ये (आगाऊ उचल म्हणून) आधी उचला, म्हणजे त्या दिवशी हातात देता येईल. पावती ज्येष्ठांकडून मागायची नाही, तुमच्याच दोन माणसांनी सही करायची. कुठलाही शहाणा ऑडिटर यावर बोट ठेवणार नाही. मी ठेवलं नसतं. (कदाचित एक प्रश्नचिन्ह काढलं असतं, सवय.)

प्रेअरीतली_सांगलीकर

काका, हे सोनं आहे. सध्या काय होतं सांगते. एल्डरला मानधन द्यायचं तर आधी 'पुरवठादार नोंदणी'. सात पानी फॉर्म, बँकेचा रद्द केलेला चेक, मग बिल, मग पंचेचाळीस दिवस. त्या कोकुम चार तास गाडीने येतात, पेट्रोल पदरचं. त्याच बैठकीला टोरंटोहून आलेल्या सल्लागार कंपनीला मात्र आगाऊ रक्कम पोचलेली होती. तिच्या सादरीकरणाचा विषय होता समता.

पाचशे डॉलरवर गेलं की कराची टी-फोर-ए स्लिप काढावी लागते, ते टळत नाही. पण ते आम्ही वर्षाअखेरीस करू शकतो ना. त्यासाठी आजींना पुरवठादार कशाला करायचं?

गडचिरोलीकर_डॉक्टर

उशिरा आलो, नेट नव्हतं. मी सरकारी सेवेत आहे, त्यामुळे नावगाव नको.

आमच्याकडे 'सर्च'चं उदाहरण जुनं आहे, पण तुमच्या विषयाला चपखल बसतं. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत काम सुरू केलं. गोंड लोक मोठ्या दवाखान्याला का बिचकतात हे त्यांनी लोकांनाच विचारलं, आणि शोधग्रामचं रुग्णालय मग पाड्यासारखं बांधलं. झोपड्यांसारख्या खोल्या, नातेवाइकांना सोबत राहायला जागा, आणि नाव देवीचं: माँ दंतेश्वरी दवाखाना. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, छान, सजावट केली. सजावट नाही ती. इमारत कशी असावी हे रुग्णाने ठरवलं.

माझा अनुभव याच्या उलट बाजूचा. वरून योजना येते, तिच्यात 'समुदाय सहभाग' असा रकाना असतो. तो आम्ही बैठकीच्या फोटोने भरतो. बैठक मराठीत, समोरचे माडिया बोलणारे. माना हलतात. आम्ही फोटो काढतो, चहा होतो. अशी पापं मीही केलीत.

३१ मार्चचा ताप तिकडेही आहे का?

प्रेअरीतली_सांगलीकर

डॉक्टरसाहेब, कॅनडाचं सरकारी वर्षही ३१ मार्चलाच संपतं! निधी उशिरा मिळतो आणि 'मार्चअखेर संपवा' असा फतवा येतो. म्हणजे ऐन हिवाळ्यात, विमानं रद्द होण्याच्या मोसमात, उत्तरेत जाऊन घाईघाईने 'सल्लामसलत' उरकायची.

तारखांचं माझं पहिलं वर्ष असं गेलं. मी आयटीच्या पद्धतीने आठवड्या-आठवड्याची आखणी केली. पहिल्या नियोजित बैठकीच्या आदल्या दिवशी गावातलं कुणीतरी गेलं. बैठक रद्द. पुढची तारीख मागितली तर उत्तर नाही. मी अहवालात लिहिलं, 'भागीदाराकडून विलंब', लाल खूण. आमच्याकडे सुतकात कुणी ऑफिसची मीटिंग मागितली असती तर मी त्याला काय म्हटलं असतं? आणि आठशे वस्तीच्या गावात प्रत्येक मरण घरचंच असतं.

आता मी आखणीत पहिले सहा महिने नुसते 'ओळख' या नावाने ठेवते. चहा, बॅनॉक (त्यांच्याकडची जाड भाकरी), येणं-जाणं, ऐकणं. निष्पत्तीच्या रकान्यात काहीच नाही. वरिष्ठांना हे पटवायला मला त्या सहा महिन्यांपेक्षा जास्त वेळ लागला.

सगळ्यात मोठा खोळंबा मात्र आमच्याच करारामुळे झाला. त्यात एक ठरावीक कलम होतं, 'गोळा झालेली सर्व माहिती संस्थेच्या मालकीची'. वकिलांनी कुठल्याही करारात चिकटवावं तसं चिकटवलेलं. गावच्या कौन्सिलने करार परत पाठवला. इथे १९९८ पासून 'ओकॅप' म्हणून तत्त्वं आहेत: मालकी, नियंत्रण, वापराचा हक्क आणि ताबा. फर्स्ट नेशन्सची माहिती त्यांचीच. आमचे वकील म्हणाले, एवढं काय त्यात? त्यात हे आहे: १९४० च्या दशकात निवासी शाळांतल्या (मूलनिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवायच्या त्या शाळा) अर्धपोटी मुलांवर सरकारी शास्त्रज्ञांनी पोषणाचे प्रयोग केले. पोरं उपाशी आहेत हे माहीत असून जेवण वाढवायच्या ऐवजी त्यांचे गट पाडले आणि नोंदी ठेवल्या. हे सगळं २०१३ मध्ये एका इतिहासकाराच्या संशोधनातून लोकांसमोर आलं. ज्यांच्या आजोबांवर नोंदी ठेवल्या त्यांच्याकडे आम्ही गेलो आणि म्हणालो, नोंदी आमच्या. आठ महिने गेले. जायलाच हवे होते.

मेलबर्नची_मैना

आमच्याकडे ३० जून. बाकी कथा तीच.

ऑस्ट्रेलियात एक गोष्ट मला जास्त आवडते. १९७१ मध्ये सिडनीच्या रेडफर्नमध्ये अ‍ॅबोरिजिनल लोकांनी स्वतःचा दवाखाना काढला, आणि आज अशा समाजाच्या ताब्यातल्या आरोग्यसेवा देशभर शंभरावर आहेत. मोठ्या संस्थेने खरं तर विचारायला हवं, हे काम आम्ही करायचं की पैसे त्यांच्याकडे देऊन बाजूला व्हायचं? तुमच्या संस्थेत हा प्रश्न कुणी विचारतं का? ही दरी मिटवण्याच्या २०२० च्या राष्ट्रीय करारावर सरकारांबरोबर अ‍ॅबोरिजिनल संस्थांच्या आघाडीचीही सही आहे. तरी आयुर्मानातली तफावत अजून आठ वर्षांच्या वर, त्यामुळे शेखी मिरवत नाही.

प्रेअरीतली_सांगलीकर

मैना, विचारतात. मूलनिवासी सल्लागार मंडळ विचारतं, आणि मग खोलीत शांतता पसरते. आमचे दोन प्रकल्प असे आहेत की ते पैशांसकट सोपवून द्यायला हवेत. माझी नोकरी त्यातल्या एकावर आहे, हेही सांगून टाकते. ब्रिटिश कोलंबियात २०१३ पासून फर्स्ट नेशन्सचं स्वतःचं आरोग्य प्राधिकरण आहे, म्हणजे अशक्य नाही.

आडगावचा_शहाणा

सिस्टरांचा प्रतिसाद वाचून दोन दिवस गप्प होतो. सिंक्लेअरबद्दल माहीत नव्हतं. रांगेबद्दलचं विधान मागे घेतो.

पण प्रशिक्षणाबद्दलचं घेत नाही. माझी बायको इस्पितळात आहे. दरवर्षी ऑनलाइन प्रशिक्षण, क्लिक क्लिक प्रमाणपत्र. त्याने काय बदलतं? आणि संस्थांच्या त्या माफ्या. यश मोजता तरी कसं?

प्रेअरीतली_सांगलीकर

शहाणे साहेब, क्लिक-क्लिक प्रशिक्षणाबद्दल अनुमोदन. 'नव्वद टक्के कर्मचाऱ्यांनी पूर्ण केले' हा आकडा मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि तोच सगळ्यात निरुपयोगी आहे.

माफीबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. १८ सप्टेंबर २०२४ ला कॅनेडियन मेडिकल असोसिएशनने व्हिक्टोरियात मूलनिवासींची जाहीर माफी मागितली. ही संघटना १८६७ ची. आधी त्यांनी स्वतःची दीडशे वर्षांची दफ्तरं उघडली, 'इंडियन हॉस्पिटलां'मधल्या (मूलनिवासींना वेगळं ठेवायची रुग्णालयं) वागणुकीपासून सगळं. त्याआधी २०२२ मध्ये डॉ. अलिका लाफाँटेन हे त्यांचे पहिले मूलनिवासी अध्यक्ष झाले होते. माझ्यासारखीला त्या माफीचा उपयोग एवढाच की वरिष्ठ 'हे आपलं काम आहे का?' असं म्हणाले की मी तो मजकूर पुढे सरकवते.

मोजण्याचं सांगते. तक्रारींची नवी व्यवस्था आली तेव्हा पहिल्याच वर्षी तक्रारी दुपटीच्या वर गेल्या. संचालक मंडळात घबराट. एकाने सुचवलं, व्यवस्था तूर्त थांबवू. कोकुम बैठकीत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "आता कुठे ते तुमच्याशी बोलायला लागलेत." २०२० च्या ब्रिटिश कोलंबियाच्या चौकशीत उत्तर दिलेल्या मूलनिवासींपैकी ८४ टक्क्यांनी दवाखान्यात भेदभाव सोसल्याचं सांगितलं होतं. एवढं सोसून जिथे तक्रारी शून्य, तिथे लोकांनी आशा सोडलीय असं समजावं. आता आम्ही दोन आकडे बघतो: तपासणीआधीच उठून जाणारे किती, आणि तक्रार केलेला माणूस पुन्हा आपल्याकडे आला का. दुसरा आकडा काढायला फार किचकट आहे.

आमचा गाढवपणाही नोंदवते. तंबाखूचं महत्त्व कळल्यावर एका उत्साही सहकाऱ्याने सगळ्याच एल्डरांना पुड्या पाठवल्या. त्यात दोन इनुइट आजी होत्या. त्यांच्यात ही रीत नाही. एकीने चौकशी केली, ही तुमच्याकडची प्रथा आहे का?

थंडीतली_सिस्टर

अरे देवा. 'तुमच्याकडची प्रथा'! 😂

प्रशिक्षणाबद्दल एक भर. 'सांस्कृतिक सुरक्षितता' ही कल्पना न्यूझीलंडच्या माओरी परिचारिका इरिहापेती रॅम्सडेन यांनी मांडली. त्यातली मेख अशी की सुरक्षित वाटलं की नाही हे रुग्ण ठरवतो, नर्स नाही. म्हणजे मला प्रमाणपत्र मिळून उपयोग नाही, ते माझ्या रुग्णाने द्यायचं. ऑनलाइनवाल्यांना हे कोण सांगणार?

हिशेबनीस_काका

बाई, हेडचं काय झालं?

प्रेअरीतली_सांगलीकर

काका, तुमचा प्रतिसाद भाषांतर करून, लाल शाईसकट, वित्तप्रमुखांना दिला. दोन बैठका झाल्या. मानधनाचं हेड मंजूर. आगाऊ उचल मंजूर. एल्डरांची पुरवठादार नोंदणी रद्द. तंबाखूवर गाडी अडली होती, तेव्हा लेखा विभागातल्या त्याच मुलीने धूम्रपानविरोधी धोरण काढून मोठ्याने वाचलं. त्यात ओढण्याला बंदी आहे, देण्याला नाही. आजवर कुणी वाचलंच नव्हतं ते.

धूप जाळण्याचं अजून लटकलंय. आमच्या बैठकीच्या खोलीत सेज (त्यांच्याकडचा धुपाचा सुवासिक पाला) जाळायचं तर धूरसूचक बंद करायला दोन दिवस आधी अर्ज आणि अग्निसुरक्षेचं शुल्क. ते कुठल्या हेडखाली टाकायचं, विचारू नका.

गडचिरोलीकर_डॉक्टर

त्या मानधनाच्या धोरणाचा मसुदा विपुत (माझ्या विचारपुशीत) पाठवाल का? आमच्या पाड्यावरच्या पुजाऱ्यांना बैठकीला बोलवायचंय. सध्या त्यांचा चहा 'स्टेशनरी'त जातो.